दोघांनी या, दिवसा या

लग्न लागलं, पूजा झाली, हळद अंगावर आहे तोवर नव्या जोडप्याने देवाचा डोंगर चढायचा, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. जेजुरीच्या पायऱ्यांवर नवरा बायकोला उचलून घेतो, निदान पाच पायऱ्या तरी, आणि सोबतची मंडळी भंडारा उधळतात. कोणाचा जोतिबा असतो, कोणाची वणीची सप्तशृंगी. तेव्हा शहरातली जोडपी आता सुट्टीच्या दिवशी पाठीवर सॅक टाकून डोंगराकडे निघतात, यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. दोघांनी मिळून चढ चढायचा, घाम गाळायचा, वर जाऊन हात जोडायचे, हे आपल्याकडे पूर्वापार आहेच. प्रश्न एवढाच, की ही जोडपी कधी येतात आणि कशी येतात.

हा प्रश्न आज अकोले तालुक्यात ऐरणीवर आला आहे. अहिल्यानगर जिल्ह्याचा हा पश्चिमेकडचा कोपरा म्हणजे सह्याद्रीचा माथा. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, याच तालुक्याच्या सीमेवर उभं आहे. हरिश्चंद्रगड इथे, रतनगड इथे, पट्टागड, बितनगड, कुंजरगडही इथलेच. अलंग-मदन-कुलंगची रांग हद्दीवर. नाशिकहून कळसूबाईचा पायथा दोन तासांच्या आत गाठता येतो, मुंबई-पुण्याहून चार-पाच तासांत. सकाळी निघून रात्री घरी परतायचं, असा एका दिवसाचा बेत त्यामुळे सहज जमतो.

या तालुक्याच्या कथाही जोडीच्या आहेत. अकोले गावाला लागून प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. अगस्तींची पत्नी लोपामुद्रा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात या दोघांचा संवाद येतो. वर्षानुवर्षं राबून थकले, म्हातारपण शरीर झिजवतं, आता तरी नवऱ्याने बायकोजवळ यावं, असं लोपामुद्रा त्यात आडपडदा न ठेवता सांगते. संसार, तप आणि काम यांच्या रगाड्यात एकमेकांसाठी वेळ उरत नाही, ही तक्रार किती जुनी आहे बघा. तिकडे हरिश्चंद्रगडावर राजा हरिश्चंद्र, राणी तारामती आणि मुलगा रोहिदास अशा एका कुटुंबाचीच नावं डोंगराला मिळाली आहेत. गडावरचं सर्वांत उंच शिखर कोणाचं, तर तारामतीचं.

आणि कळसूबाई? तिची कथा जोडीची नाही, पण प्रत्येक जोडप्याने ती चढण्याआधी ऐकावी. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्येही ती नोंदवलेली आहे. कळसू ही कोळ्यांची मुलगी, रानात भटकायची आवड असलेली. पायथ्याच्या इंदोर गावात ती एका घरी कामाला राहिली, पण अट घालून. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. काही दिवस सगळं सुरळीत चाललं. एक दिवस घरातल्या कोणीतरी तिला तीच दोन कामं सांगितली. तिने ती केली, आणि लगेच डोंगर चढून वर गेली, ती कायमची. जिथे भांडी घासली ती जागा थाळेमेळ, जिथे केर टाकला तो काळदरा. इथले महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे लोक तिला देवी मानतात. रतनगडाची रत्नाबाई आणि शेजारच्या डोंगरावरची कात्राबाई या तिच्या बहिणी, असंही सांगतात. घरकामाच्या वाटणीवरून डोंगरावर निघून गेलेल्या मुलीच्या पायाशी आज नवरा-बायको जोडीने पोहोचतात. बायकोच्या पाठीवर डबे, पाण्याच्या बाटल्या आणि नवऱ्याच्या हातात फक्त मोबाइल, असं दृश्य वाटेवर दिसतं तेव्हा कळसूची अट आठवल्याशिवाय राहत नाही.

आता शनिवारी रात्रीची बारी पाहा.

बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव, कोल्हार-घोटी रस्त्यावरचं. मोसमात शनिवारी मध्यरात्रीनंतर तिथे बसगाड्या यायला लागतात. एकेका बसमधून शहरातल्या ट्रेक-आयोजकाने जमवलेली एकेक बॅच उतरते. कपाळावर दिवे लागतात, शिट्ट्या वाजतात, हजेरी घेतली जाते. गाव झोपलेलं असतं. दावणीची जनावरं बुजतात, कुत्री भुंकत राहतात. मग दिव्यांची ती रांग खाचरांच्या बांधावरून वर सरकू लागते. घाई सगळ्यांना एकाच गोष्टीची, शिखरावरून सूर्योदय बघायचा. लोखंडी शिड्यांपाशी ही रांग तुंबते. खालचे ओरडतात, वरचे दमलेले असतात, अंधारात पाय कुठे ठेवायचा ते नीट दिसत नाही. माथ्यावर देवीचं मंदिर एवढंसं, दोन-तीन माणसं आत गेली की भरतं. पहाटेच्या वाऱ्यात कुडकुडत लोक फोटोसाठी ताटकळतात. सूर्य वर आला की उतरायची घाई, कारण बस वाट बघते आणि सोमवारी ऑफिस आहे.

यात जोडप्याच्या वाट्याला काय येतं? रात्रभर बसमध्ये अर्धवट झोप, मग पुढच्या माणसाच्या टाचा, मग एक फोटो. डोंगर त्यांनी पाहिलेलाच नसतो. अंधारात चढताना खाचरातला भात दिसत नाही, ओढा दिसत नाही, मधल्या सपाटीवरून मागे वळून पाहिलं तर भंडारदऱ्याचं पाणी कुठवर पसरलं आहे ते कळत नाही. एकमेकांशी बोलायलाही सवड नसते. बॅचचा वेग तोच आपला वेग.

तेव्हा स्पष्टच म्हणायला हवं: कळसूबाईची ही रात्रीची घाऊक चढाई थांबली पाहिजे. अकोल्याच्या डोंगरांना रात्री बसभर येणारे पाहुणे नकोत. दिवसाउजेडी, सावकाश चढणारी, गावात दोन घास जेवून जाणारी माणसं हवीत. आणि अशा येण्याला सर्वांत योग्य कोण असेल, तर दोघांची जोडी.

दिवसाच्या चढाईचा हिशेब मांडून पाहा. समजा, नाशिकहून एक जोडपं ऑक्टोबरात, मधल्या वारी, पहाटे निघालं. सातच्या सुमाराला बारीत पोहोचलं. वेशीत वन विभाग आणि गावाच्या समितीचा नाका, तिथे शुल्काची पावती फाडायची, गाडी लावायची, चहा घ्यायचा आणि गावातल्याच एखाद्या घरी सांगून ठेवायचं, की उतरल्यावर जेवायला येतो. या सांगण्याला फार महत्त्व आहे. त्यामुळे त्या घरी दोन माणसांचं पीठ मळलं जातं, आणि वर काही झालं तर खाली कोणीतरी वाट बघणारं असतं.

पहिला टप्पा शेतातून. या दिवसांत भात पोटरीतून बाहेर येऊन पिकायला लागलेला असतो. वरकस उतारावर नागली आणि वरई. अकोल्याच्या या पट्ट्यात काळभातासारखी जुनी वाणं अजून टिकून आहेत. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावठी वाणं जपली, त्यांची बियाणं बँक उभी केली आणि २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. भाद्रपदात आलात तर हीच वाट सोनकीने पिवळी झालेली असते, ओलाव्याच्या जागी तेरडा गुलाबी. वरच्या कड्यांवर कारवी. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. फुलायचं वर्ष साधलं तर अख्खा उतार जांभळा.

मग चढ सुरू होतो. इथे दोघांमधलं खरं नातं उघडं पडतं. दोघांचा दम सारखा नसतो, कधीच नसतो. एक जण पुढे निघून जातो, वळणावर थांबून हाक मारतो. दुसरा पोहोचेपर्यंत त्याची विश्रांती झालेली असते, म्हणून तो लगेच उठतो. मागून येणाऱ्याला विसावा मिळतच नाही. डोंगरात वाढलेले वाटाडे यावर साधा उपाय सांगतात. ज्याचा वेग कमी त्याने पुढे चालायचं, आणि जास्त दमाच्या माणसाने मागून यायचं. ओझंही दोघांत वाटायचं. माणशी तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, कानटोपी किंवा टोपी, छोटी विजेरी, गुडघ्याची पट्टी, एवढं पुरतं. दोन माणसांना ही शिस्त पाळता येते. बसभर माणसांना ती पाळता येत नाही, कारण तिथे प्रत्येकाला सूर्य उगवायच्या आत पोहोचायचं असतं.

शिड्यांपाशी दिवसा घाबरण्यासारखं काही नाही. कातळ सरळ उभा आहे, पण लोखंडी पायऱ्या आणि कठडे धरून सावकाश चढता येतं. एकाने वर जायचं, दुसऱ्याने खाली थांबायचं. शिडीवर दोघांनी एकमेकांच्या पायाशी पाय ठेवत चढायचं नाही. वाटेत ठिकठिकाणी गावातल्या बायकांची आणि पोरांची दुकानं लागतात. चार काठ्या, वर ताडपत्री, पुढ्यात लिंबं, मीठ-साखरेचे डबे आणि पाण्याने भरलेलं पिंप. ते पाणी त्या बाईने सकाळी डोक्यावरून आणलेलं असतं. ती रोज हा चढ हंडा घेऊन, चपला घालून चढते आणि संध्याकाळी रिकामा हंडा घेऊन उतरते. शहरातलं माणूस त्याच चढाला आयुष्यभराची आठवण म्हणतं. सरबताच्या पेल्यावर पाच रुपये कमी करा म्हणण्याआधी एकदा त्या पिंपाकडे पाहावं.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, थोडी सपाटी आहे. तिथे बसून श्वास घ्यावा. दहा-साडेदहाला माथ्यावर पोहोचलं, की वर गर्दी नसते. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ओळखू येतात. दक्षिणेकडे भंडारदऱ्याचा जलाशय. १९१० साली सुरू झालेलं धरणाचं काम १९२६ साली पुरं झालं, आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं. पलीकडे रतनगडाचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, त्याच्याही मागे हरिश्चंद्रगडाचा पसारा. सूर्योदयाच्या वेळी यातलं निम्मं धुक्यात किंवा अंधारात असतं. अकराच्या उन्हात सगळं स्वच्छ दिसतं, आणि सोबतीला वाटाड्या असेल तर त्याच्या बोटामागोमाग एकेक गाव कळत जातं. ते बघा देवगाव, राघोजी भांगऱ्यांचं. इंग्रज आणि सावकारांविरुद्ध उठाव करणाऱ्या राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. ज्या रानात ते लपले, लढले ते हे समोरचं रान. ही माहिती रात्री मिळत नाही.

दुपारी दोनपर्यंत खाली. उतरताना गुडघे बोलतात, त्यामुळे घाई करायची नाही. मग ठरलेल्या घरी पिठलं, नागलीची भाकरी, ठेचा, भात. ओट्यावर अर्धा तास आडवं व्हायचं. घरातल्या मावशी विचारतात, पोरं-बाळं किती, शेती आहे का. संध्याकाळी सातपर्यंत नाशिकला घरी. मुंबई-पुण्याच्या जोडप्याने मात्र आदल्या संध्याकाळी यावं आणि गावातच मुक्काम करावा. मुक्कामाचा खर्च वाढतो, हे खरं. पण तो पैसा बसवाल्याकडे न जाता गावात राहतो, आणि रात्रीची झोपही होते.

रात्रीच्या बॅचची बाजू घेणारे लोक काही चुकीचं बोलतात असं नाही. त्यांचं म्हणणं असं, की ज्याच्याकडे गाडी नाही, ज्याला वाट माहीत नाही, जी मुलगी एकटी आहे, तिला बॅचचा आधार असतो. खर्च विभागला जातो. उन्हाचा त्रास होत नाही. नवी माणसं भेटतात. अशा बॅचमध्ये ओळख होऊन लग्नं जमल्याचीही उदाहरणं आहेत. हे सगळं मान्य. पण यातली प्रत्येक गोष्ट दिवसाही मिळू शकते. बॅच दिवसाची काढता येते, छोटी काढता येते. उन्हाचा त्रास टाळायचा तर मार्गशीर्ष-पौषाचे महिने आहेतच. बॅच म्हणजे सुरक्षितता, ही समजूत मात्र तपासून घ्यायला हवी.

हरिश्चंद्रगडाचंच उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोकणकड्यावर मुंबई-कल्याणकडचे जवळपास वीस गिर्यारोहक अडकले. रात्र त्यांनी कड्यावर काढली आणि दुसऱ्या दिवशी बचाव पथकांनी व स्थानिकांनी त्यांना सुखरूप बाहेर काढलं. यातली माणसं काही पहिल्यांदा दोर हातात घेणारी नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेले काही तरुण तोलार खिंडीच्या बाजूने गड चढताना धुक्यात वाट चुकले. पावसात भिजत ते रानात अडकून पडले, आणि त्यातला एक जण थंडीने दगावला. दोन्ही वेळा माणसं गटाने होती. गट असला म्हणून धुकं विरत नाही. वाट माहीत असलेलं स्थानिक माणूस सोबत असणं आणि अंधाराच्या आत परतायची वेळ पाळणं, यानेच जीव वाचतो. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरसारख्या यंत्रणेतून गिर्यारोहक स्वयंसेवक हाकेला धावून येतात, पण त्यांनाही शहरातून निघून पोहोचायला तास लागतात. सर्वांत आधी पोहोचतो तो पाचनई, बारी, रतनवाडी अशा पायथ्याच्या गावांतला माणूस.

त्याच माणसाला रात्रीच्या गर्दीतून सर्वांत कमी मिळतं, हे दुखणं मोठं आहे. आयोजक शहरातला, बस शहरातली, बॅचचा म्होरक्या शहरातला. कित्येकदा नाष्ट्याचे पोहेही आधीच ठरवून एकाच ठिकाणी. गावाच्या वाट्याला नाक्याचं शुल्क, थोडा चहा आणि सकाळी गोळा करायच्या बाटल्या. इकडे या पट्ट्यातली कमाई किती तुटपुंजी आहे ते लक्षात घ्यायला हवं. एक पीक भाताचं, उतारावर नागली-वरई, उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून विकायचा आणि उरलेले महिने मजुरीसाठी नारायणगाव, संगमनेर, नाशिककडे जायचं. घाटघरला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात, इतका पाऊस तिथे कोसळतो. पण उन्हाळा आला की याच डोंगरातल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन पाण्यामागे फिरतात. धरण इथे, पाणी खालच्या उसाला. पाहुणे आले इथे आणि पैसा वरच्यावर शहरात परत गेला, असं पर्यटनाचंही होऊ द्यायचं का? दिवसा आलेलं एक जोडपं दोन जेवणं घेतं, वाटाड्या घेतं, जाताना किलोभर काळभात किंवा नागलीचं पीठ मागून नेतं. अशी दहा जोडपी गावाला बसभर माणसांपेक्षा जास्त देऊन जातात.

शिवाय हे अभयारण्य आहे, ही गोष्ट येणाऱ्यांच्या ध्यानातच नसते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं; क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. तिथे मध्यरात्री दिव्यांची रांग आणि स्पीकरवरची गाणी कशाला हवीत? बिबट्या, तरस, साळिंदर यांचा वावर रात्रीचा. त्यांच्या वाटेवर माणसाने दर शनिवारी जत्रा भरवावी, हे अभयारण्याच्या कल्पनेतच बसत नाही. भंडारदऱ्याच्या काजव्यांचं काय होऊ लागलं ते तर सगळ्यांनी पाहिलं आहे. मे अखेर ते मृग या दिवसांत हिरडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लखलखतात, तो त्यांच्या मीलनाचा काळ असतो. नर-मादी एकमेकांना त्या उजेडावरून ओळखतात. त्याच वेळी शेकडो गाड्यांचे दिवे झाडांवर पडले तर त्यांनी एकमेकांना शोधायचं कसं? वन विभागाला तिथे वेळेची बंधनं घालावी लागली. काजव्यांसाठी जे बंधन योग्य ठरतं ते शिखरासाठी का नको?

नवरात्रातल्या भाविकांची गोष्ट वेगळी. वर्षातले ते नऊ दिवस आसपासच्या गावांतून लोक देवीला येतात, अनवाणी चढतात, तांब्या घेऊन येतात. तो त्यांचा डोंगर आहे आणि ती त्यांची देवी आहे. शहरातल्या बॅचसाठी केलेला नियम त्यांच्यावर लादू नये.

आणखी एक विषय आहे, त्यावर मोकळेपणाने बोललं जात नाही. डोंगरात आलेल्या जोडप्याकडे संशयाने बघायची सवय. लग्न झालंय का, आडनाव एकच कसं नाही, गळ्यात मंगळसूत्र का नाही, अशी चौकशी कधी नाक्यावर, कधी मुक्कामाच्या जागी, कधी वाटेत भेटलेल्या टोळक्याकडून होते. मुक्कामाला ओळखपत्र मागणं रास्त आहे. ते प्रत्येकाकडे मागावं. त्यापलीकडे दोन सज्ञान माणसं डोंगर चढताहेत, यात कोणी नाक खुपसायचं कारण नाही. अकोल्याच्या गावांनी आजवर पाहुण्याला पाहुणा म्हणूनच वागवलं आहे. त्रास होतो तो बहुधा बाहेरून आलेल्या, प्यालेल्या टोळक्यांचा. तोही रात्रीचाच. जोडप्यांनीही गावाचा मान राखावा: पाणवठ्यावर, देवळाच्या आवारात, लोकांच्या शेतात वागण्याला धरबंध असावा. दारू आणि स्पीकर यांना तर या वाटेवर जागाच नसावी.

कळसूबाईच हवी, हा हट्टही सोडायला हवा. ज्यांना पहिल्यांदाच जोडीने चढायचं आहे त्यांनी पट्टागडापासून सुरुवात करावी. पट्टेवाडीतून वाट सोपी, बऱ्याच ठिकाणी पायऱ्या, वर गुहा, अंबरखाना आणि लांबवर पवनचक्क्या. १६७९ साली जालन्याच्या स्वारीवरून परतताना मोगली फौज पाठीवर असताना बहिर्जी नाईकांनी दाखवलेल्या आडवाटेने शिवाजी महाराज इथे आले, विसावले, आणि गडाला विश्रामगड हे नाव मिळालं. दमलेल्या माणसाला विश्रांती देणारा गड, असा त्याचा लौकिक आजही खोटा ठरत नाही. थोडी सवय झाली की हरिश्चंद्रगड, पण पाचनईकडून. दोन तासांत वर. हरिश्चंद्रेश्वराचं कोरीव देऊळ, केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्यात उभं शिवलिंग आणि भोवतीच्या चार खांबांपैकी उरलेला एकच खांब. चांगदेवांनी इथे तप केलं असं मानतात. त्यांच्या ‘तत्त्वसार’ या ग्रंथात या गडाचा उल्लेख आहे. दुपारी कोकणकड्यावर, काठापासून चार हात मागे, पोटावर पडून खाली पाहावं आणि उजेडातच परत फिरावं. नळीची वाट, सांदण दरीचा उतार ही दोघांनीच करायची कामं नव्हेत. रतनगड पावसाळा सरल्यावर करावा. पायथ्याला रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी. चढणं जमलं नाही तर देवळाच्या पायरीवर बसून दिवस घालवला तरी तो वाया गेला असं होत नाही.

सरकारच्या पातळीवर करायचं ते फार अवघड नाही. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक केली. त्याची तपासणी बारीच्या नाक्यावर व्हायला हवी. नोंदणी नाही तर बस परत. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कळसूबाईची वाट बॅचसाठी बंद ठेवावी आणि दिवसाला किती माणसं सोडायची याचा आकडा वन विभाग आणि गावच्या समितीने मिळून ठरवावा. प्रत्येक बॅचला गावातला प्रशिक्षित वाटाड्या सक्तीचा असावा. बायकांसाठी स्वच्छ शौचालयं पायथ्याला हवीत. आज गावातल्या घरांतून ती सोय माणुसकीने किंवा चार पैसे घेऊन होते, पण सुट्टीच्या गर्दीला ती पुरत नाही. आणि एसटीने शनिवार-रविवारी नाशिकहून पहाटे एक गाडी बारी-शेंडीपर्यंत सोडून संध्याकाळी परत आणावी. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला मध्यरात्रीच्या खासगी बसशिवाय पर्याय नसतो, ही सबबच मग उरणार नाही.

पण हे सगळं होईपर्यंत थांबायची गरज जोडप्यांना नाही. दिवाळीनंतर एखाद्या मधल्या वारी दोघांनी मिळून रजा टाका. रिकामी पिशवी सोबत घ्या, आपला कचरा त्यातून परत आणा. ओझं वाटून घ्या, दमणाऱ्याला पुढे चालू द्या. बारीत उतरल्यावर सर्वांत आधी जेवण सांगा, मग चढायला लागा.